दुकानाची वही कोणी वाचायची?



यूपीआय २०१६ साली सुरू झालं, आणि आज तालुक्याच्या गावातल्या भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोडचा चौकोन टांगलेला दिसतो. किराणा, औषधं, स्टेशनरी, बेकरी, कपड्याचं दुकान, कुठेही पैसे दिले की नोंद होते. कोणी दिले, किती दिले, किती वाजता दिले, हे सारं आपोआप टिपलं जातं. इतकी माहिती लहान दुकानदाराच्या हाताशी यापूर्वी कधी नव्हती. तरीही बहुतेक दुकानांत तिचा उपयोग रात्री गल्ल्याचा मेळ घालण्यापुरताच होतो. माझं म्हणणं असं आहे की गिऱ्हाइकाची ही माहिती हे दुकानाचं भांडवल आहे, ते वापरायला मोठी यंत्रणा लागत नाही, आणि दुकानदाराने ते स्वतः वापरलं नाही तर दुसरं कोणीतरी वापरणारच आहे.

मोठ्या दुकानांनी हे फार पूर्वी ओळखलं. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने १९९५ साली ‘क्लबकार्ड’ देशभर सुरू केलं. गिऱ्हाइकाला खरेदीवर थोडी सवलत मिळायची आणि त्या बदल्यात त्याची प्रत्येक खरेदी त्याच्या नावावर नोंदली जायची. त्या नोंदींचा अर्थ लावायचं काम क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या दांपत्याच्या डनहम्बी या छोट्या कंपनीने केलं. त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकून ब्रिटनमधल्या किराणा व्यापारात पहिला क्रमांक मिळवला. याचं सगळं श्रेय एका कार्डाला देणं बरोबर होणार नाही, कारण भाव, नवी दुकानं, मालाचा दर्जा यांचाही त्यात वाटा होता. पण कार्डामुळे त्यांची नजर बदलली हे नक्की. तोवर दुकानाला एवढंच कळायचं की कोणता माल किती खपला. आता कोणतं घर काय नेतं हे कळू लागलं. या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. समजा, एक मसाला महिन्याला जेमतेम दहा पुड्या जातो. मालाच्या हिशेबाने तो फळीवरून काढून टाकायचा. पण त्या दहा पुड्या नेणारी घरं जर महिन्याचा सगळा किराणा याच दुकानातून भरणारी असतील, तर तो मसाला बंद केल्यावर ती घरं दुसरं दुकान शोधतील आणि त्यांचं तांदूळ, तेल, साबण हे सारं त्यांच्याबरोबर जाईल.

आपल्याकडच्या वाण्याला यात नवीन काय? रोजच्या व्यवहारांची किर्द आणि तिच्यावरून खातेवार मांडलेली खतावणी ही आपल्या व्यापाराची जुनी रीत. उधारीची वही तर घरागणिकच असते. अमुक घराने अमुक तारखेला पाच किलो गहू, अर्धा किलो गूळ, दोन नारळ नेले, अशी ती नोंद. मोबाइलवर जमा होते ती नुसती किर्द आहे. तीत रक्कम आणि वेळ आहे, वस्तू नाही. दोनशे चाळीस रुपये आले, पण ते तुपाचे की वह्यांचे, याचा पत्ता नाही. म्हणजे उधारी कमी झाली ही चांगली गोष्ट घडत असतानाच घरागणिक नोंदीची सवयही हातची जात आहे. ती सवय मोडू देऊ नये. बिल करताना वस्तूंची यादी साठवणारं साधं मोबाइल अ‍ॅप असेल तर उत्तमच, नसेल तर शंभर पानी वही पुरते.

मग त्या नोंदींतून वाचायचं काय? सगळ्यात आधी, कोण येईनासं झालं ते. नवं गिऱ्हाईक आलं की लगेच लक्षात येतं. जुनं गिऱ्हाईक सुटतं ते मात्र कळत नाही, कारण ते निरोप घेऊन जात नाही. आधी तेल दुसरीकडून घेऊ लागतं, मग साबण, आणि शेवटी फक्त दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीपुरतं उरतं. दुकानात ते दिसत असतं, म्हणून दुकानदाराला वाटतं की सगळं ठीक आहे. वहीत मात्र तीन महिन्यांची उतरण स्पष्ट दिसते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती कोणतंही यंत्र आपणहून टिपत नाही. ‘नाही हो, संपलं’ असं सांगून परत पाठवलेलं गिऱ्हाईक काय मागत होतं? विक्रीच्या नोंदीत फक्त झालेली विक्री असते, हुकलेली नसते. काउंटरवर एक कागद ठेवून त्यावर नसलेल्या वस्तूचं नाव आणि तारीख लिहिली, तरी महिनाअखेर पुढचा माल कोणता भरायचा याचं उत्तर बरंचसं त्या कागदावर मिळतं.

तिसरी गोष्ट हंगामाची, आणि इथे आपल्याकडचं वर्ष समजून घेतल्याशिवाय आकडे फसवतात. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे यांची मागणी आषाढी एकादशीला चढते. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. आता तयार सॉफ्टवेअर जून महिन्याची तुलना जूनशीच करणार आणि सांगणार की या वर्षी साबुदाण्याचा खप कोसळला. दुकानदाराने त्यावर विसंबून माल कमी भरला, तर ऐन एकादशीच्या आदल्या दिवशी त्याची फळी रिकामी. दिवाळीचंही तेच. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ साली १२ नोव्हेंबरला, म्हणून या दोन ऑक्टोबरांची तुलना निरर्थक आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढचे सगळेच सण लांबले. म्हणून तारखेशेजारी तिथी किंवा सण लिहून ठेवावा आणि तुलना सणाची सणाशी करावी. हे शहाणपण दुकानदाराकडे आहेच. ते आकड्यांशेजारी मांडलं की आकडे खरं बोलू लागतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लहान दुकानदार गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखतो, त्याला या खटाटोपाची गरज काय? ओळख असते हे खरं आहे, आणि ती मोलाची आहे. पण स्मरणशक्ती पक्षपाती असते. रोज येऊन गप्पा मारणारा लक्षात राहतो, महिन्यातून एकदाच येऊन मोठी यादी देणारी बाई राहत नाही. जास्त खपणारा माल लक्षात राहतो, पण त्यावर सुटणारा नफा किती, आणि मागच्या फळीवर मुदत संपत आलेला माल किती, हे डोक्यात बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. दीडदोनशे घरांच्या नोंदींवरून कसले निष्कर्ष काढणार? एवढ्या थोड्या आकड्यांत योगायोगच फार. हे मला मान्य आहे, म्हणून त्यावरून सरासरी काढण्याच्या फंदात पडूच नये. मोठ्या साखळीला लाखो अनोळखी माणसांविषयी अंदाज बांधावा लागतो, कारण ती त्यांना विचारू शकत नाही. गल्लीतला दुकानदार विचारू शकतो. वहीने फक्त कोणाला विचारायचं ते दाखवायचं. ‘काकू, हल्ली तेल नेत नाही आमच्याकडून, काही चुकलं का?’ या एका प्रश्नातून कळतं, की पिशवी गळकी निघाली होती, किंवा घरी डॉक्टरांनी तेल बदलायला सांगितलं आहे, किंवा मुलगा मॉलमधून पाच लिटरचा डबा आणतो.

तिसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी घेतो हे माणसाला स्पष्ट सांगायचं, त्याची संमती घ्यायची, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायची, अशी त्याची दिशा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने विक्रेत्यांना बजावलं, की मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल नाही अशी सक्ती करू नये. पण लहान गावात कायद्याच्याही पुढे जाऊन विचार करावा लागतो. महानगरातल्या साखळीच्या संगणकात गिऱ्हाईक हा एक क्रमांक असतो, तर गावात तो कोणाचा तरी जावई, कोणाची तरी सून असते. औषधाच्या दुकानातून कोणी कसल्या गोळ्या नेल्या, ही माहिती दुकानदाराच्या तोंडून बाहेर पडली तर एखाद्या घराची वाताहत होऊ शकते. म्हणून जे विक्रीला उपयोगाचं नाही ते लिहूच नये. जन्मतारीख कशाला हवी? आधारचा क्रमांक तर नाहीच नाही. मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्याची आठवण करून द्यायची असेल तर आधी गिऱ्हाइकाला विचारावं, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच संपवावा. वही नोकरांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडेल अशी उघडी टाकू नये. ज्या दुकानात आपली गोष्ट बाहेर जात नाही अशी खात्री असते, तिथे लोक पिढ्यानपिढ्या जातात.

आता वही नेमकी कोणाच्या हातात आहे, या मुद्द्याकडे येतो. ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याची सगळी विक्री त्या बाजाराच्या मालकाला दिसते, आणि तो मालक स्वतःही माल विकत असेल तर ते ज्ञान त्याला आयतं मिळतं. युरोपीय आयोगाने अ‍ॅमेझॉनची याच कारणासाठी चौकशी केली. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र विक्रेत्यांची अप्रकाशित माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी न वापरण्याची हमी कंपनीने दिली आणि आयोगाने ती स्वीकारली. किरकोळ विक्रीच्या नोंदींना किंमत नसती तर एवढा लढा कशाला झाला असता? आपल्याकडे हिशेबाची अनेक मोबाइल अ‍ॅप फुकट मिळतात. ती वापरायला हरकत नाही, पण घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. माझी सगळी खाती मला हवी तेव्हा एका फाइलमध्ये बाहेर काढता येतील का? आणि ती माझ्या परवानगीशिवाय कोणाला दिली जाणार नाहीत ना? कर्जाच्या बाबतीत चांगली वाट रिझर्व्ह बँकेने दाखवली आहे. अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची चौकट २०१६ साली आखली गेली आणि २०२१ पासून ती प्रत्यक्षात चालू लागली. तीत खातेदाराची संमती असेल तरच त्याच्या खात्याचा तपशील कर्ज देणाऱ्या संस्थेपर्यंत जातो, आणि मधल्या दुव्याला तो वाचता येत नाही. तारण नसलेल्या दुकानदाराला आपली नियमित उलाढाल दाखवून कर्ज मागता येतं.

आणखी एक काम एकेकट्या दुकानदाराने होणारं नाही. ते शहरोशहरीच्या व्यापारी संघांनी आणि महिला बचत गटांच्या प्रभाग संघांनी उचलावं. पापड, मसाले, फराळ करणाऱ्या गटांना गणपती, दिवाळी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांपूर्वी किती माल करून ठेवावा याचा अंदाज बांधणं फार अवघड जातं. दहा-वीस गटांनी कोणत्याही गिऱ्हाइकाचं नाव न घालता फक्त वस्तू, सण आणि खप एवढ्याच नोंदी एकत्र केल्या, तर पुढच्या वर्षी डाळ आणि मिरची घाऊक भावात कधी आणि किती उचलायची हे त्यांना ठरवता येईल. तालुक्याच्या बैठकीत अर्धा तास बाजूला काढून गेल्या दिवाळीच्या वह्या समोर ठेवल्या, तर ही सुरुवात याच वर्षी करता येईल.