फरीदसाहेब शिकलगार : मिरजेच्या एका आजोबांची पेढी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त 'आजोबांची पेढी' हा विषय निवडण्यात आला, हे उचितच झाले. समाजातील बहुतेक घरांत या विषयावर सांगण्यासारखे काही ना काही आहे. कोणाचे आजोबा कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजाराची गावे करीत, कोणाची आडत होती, कोणाचे हळदीचे वा भुसार मालाचे दुकान होते. मात्र स्वतःच्या घरच्या आठवणी सांगताना माणूस नकळत त्या घराचा वकील होतो. जमेची पाने मोठ्याने वाचली जातात आणि नावेची पाने उलटली जातात. म्हणून आज मिरजेतीलच, परंतु दुसऱ्या समाजातील एका आजोबांच्या पेढीचा हिशेब मांडावयाचा आहे. त्या आजोबांचे नाव फरीदसाहेब शिकलगार. आज देशभर ज्यांना 'मिरजेचे सतारमेकर' म्हणून ओळखतात, त्या परंपरेचे ते मूळ पुरुष होत.

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारा कारागीर. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात तलवारी, भाले, कट्यारी यांची निगा राखणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दोनच वर्षांनी मिरज संस्थानाच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या, आणि इंग्रजांच्या अमलाखाली संस्थानिकांच्या फौजांना काम उरले नाही. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावरही परवान्याचे बंधन आले. लढाया थांबल्या की तलवारीला गंज चढतो आणि शिकलगाराच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. हाताशी उत्तम कसब आहे, परंतु त्या कसबाला गिऱ्हाईक नाही, अशी ती अवस्था होती.

याच सुमारास, म्हणजे १८५० च्या आगेमागे, फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. मिरजेत परंपरेने असे सांगितले जाते की, दरबारातील गवयांची वाद्ये नादुरुस्त झाली म्हणजे ती दूर उत्तर हिंदुस्थानात पाठवावी लागत. त्यात महिनोन् महिने जात. तेव्हा संस्थानिकांनी हे काम आपल्या गावच्या या कुशल कारागिरावर सोपविले. प्रथम दुरुस्ती, दुरुस्तीतून रचनेचे ज्ञान आणि ज्ञानातून नवीन वाद्याची निर्मिती असा हा क्रम झाला. दुरुस्तीचे काम कमीपणाचे मानण्याची वृत्ती आज सर्वत्र दिसते. मिरजेचा एक अखंड उद्योग मात्र दुरुस्तीतूनच उभा राहिला, हे तरुणांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला शस्त्राकडून स्वराकडे झालेला हा प्रवास साहजिकच प्रिय वाटेल. परंतु येथे सत्यही सांभाळले पाहिजे. फरीदसाहेबांनी अहिंसेचे व्रत घेऊन तलवार टाकली, असा कोणताही दाखला नाही. शस्त्राचा बाजार उठला होता, हे त्यामागील रोखठोक कारण होते. त्यांची थोरवी त्याच्या पुढे आहे. बाजार उठल्यावर माणूस नशिबाला दोष देत बसू शकतो, मिळेल ती हलकीसलकी चाकरी धरू शकतो, किंवा हातातील कला नव्या कामाला जुंपू शकतो. पोलादावर सूतभरही फरक चालत नाही, ही शिकलगाराची शिस्त. तीच त्यांनी लाकडावर आणि तारेवर आणली. व्यवसाय बदलला, पण शिस्त तीच राहिली.

तंबोरा कसा तयार होतो, हे मिरजेत राहूनही पुष्कळांनी पाहिलेले नसते. त्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. पंढरपूर, मंगळवेढा या परिसरातील शेतकरी तो या कामासाठीच पिकवितात. मोठा, सुडौल आणि जाड सालीचा भोपळा वेलावर पक्व होऊन पुरता वाळावा लागतो. वर्षभराचा माल हंगामातच निवडून साठवावा लागतो, म्हणजे भांडवल अगोदर गुंतते. मग भोपळा कापून, भिजवून आतून साफ केला जातो. त्यावर लाकडाची तबली बसते आणि तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडली जाते. खुंट्या बसतात, नक्षी होते आणि चपडा लाखेचे पॉलिश हाताने घासून चढविले जाते. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे ते बंद झाले. आज शिसवी वा आबनुसी लाकूड, उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरले जातात. त्यापैकी लाकडी वा कृत्रिम घोडीचा आग्रह एखाद्या श्रावक गिऱ्हाइकाने धरला, तर कारागिरालाही त्यात नवल वाटणार नाही.

सर्वांत अवघड काम जवारीचे. घोडीचा माथा कानशीने इतका नेमका घासावा लागतो की तार त्याला स्पर्श करीत करीतच कंप पावेल. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवितात. धागा योग्य जागी आला की मुकी वाटणारी तार भरून बोलू लागते. दोन पैशांचा धागा, पण त्याच्यावाचून हजारोंचे वाद्य निर्जीव! कापडाच्या पेठेत आयुष्य गेलेल्या माणसांनाही सुताचा हा उपयोग विचार करावयास लावणारा आहे. जवारीचे माप पट्टीवर मोजता येत नाही, ते कानाने ठरते. हा कान बापाने मुलाला शेजारी बसवून द्यावयाचा असतो.

कारागिराला गुणज्ञ गिऱ्हाईक लाभले, हेही या पेढीचे भाग्य. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे वास्तव्य मिरजेत होते. त्यांच्याकडे संस्थानच्या आश्रयाने कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीत शिक्षण सामान्य घरांपर्यंत नेले. जेथे गायनाचा वर्ग, तेथे तंबोरा हवाच. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे चिरविश्रांतिस्थान आहे आणि उरुसाच्या वेळी तेथे दरवर्षी गायन-वादनाची सेवा होते. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि पंडित भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे शिष्य. असे सूक्ष्म कानाचे स्वरयोगी गिऱ्हाईक दारात असताना 'चालेल तसा' माल खपणे शक्य नव्हते. उत्तम व्यापाऱ्याला चोखंदळ गिऱ्हाईक अडचणीचे वाटत नाही, कारण तेच त्याला घडविते.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि मिरज जंक्शनचे महत्त्व वाढले. नाजूक वाद्याला बैलगाडीच्या धक्क्यांपेक्षा रेल्वेचा प्रवास सोयीचा. संस्थानच्या दरबारासाठी सुरू झालेले काम अशा रीतीने देशाच्या बाजारपेठेला जोडले गेले.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. दरबाराचा आश्रय संपला. घराण्यावर ओढवलेले हे दुसरे संकट. परंतु तोवर पेढीचे गिऱ्हाईक एकच राजवाडा राहिले नव्हते. संगीत विद्यालये, नाट्य व चित्रपट व्यवसाय, आकाशवाणी केंद्रे, घरोघरचे विद्यार्थी असा पाया रुंद झाला होता. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबू नये, हा व्यापाराचा नियम येथे खरा ठरला.

तिसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. पुढे तर मोबाईलमध्येच तंबोऱ्याचा नाद येऊन बसला. प्रवासाला सोयीचा, न उतरणारा आणि स्वस्त. विद्यार्थ्याने तो घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. मिल आली तेव्हा हातमागाचे, आणि यंत्रमाग आला तेव्हा मिलचे काय झाले, हे कापड बाजाराने पाहिले आहे. तरीही मोठ्या मैफलीत गायकाच्या मागे जुळलेले दोन तंबोरे लागतातच, आणि ते अनेकदा मिरजेचे असतात. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण आता कायद्याने होईल. परंतु जवारी लावणारा कान कायद्याने निर्माण होत नाही. तो टिकविण्यासाठी नातू दुकानात बसला पाहिजे.

श्रोतेहो, खरा प्रश्न येथेच आहे. आजोबांच्या मागे उरते ते काय? शिकलगारांचे सतारमेकर झाले. व्यवसायाने आडनावच बदलले. आज मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या परंपरेची अनेक दुकाने आहेत. एका पेढीच्या अनेक पेढ्या झाल्या, म्हणजे वाटण्याही झाल्याच. वाटण्यांत जागा विभागली जाते, हत्यारे विभागली जातात, येणे-देणे विभागले जाते. पत मात्र विभागता येत नाही. एका दुकानातून सदोष वाद्य गेले तर 'मिरजेचा माल उतरला' असेच गिऱ्हाईक म्हणणार, आणि एका दुकानाने नाव राखले तर त्याचा लाभ साऱ्या गल्लीला मिळणार. आजोबांचे नाव हे असे सामाईक भांडवल आहे. त्यातून उचल प्रत्येकाला करता येते, म्हणूनच भरणाही प्रत्येकाने केला पाहिजे.

आपल्या समाजातील अनेक पेढ्यांवर आज कुलूप आहे किंवा लवकरच लागेल. मुले शिकली, पुणे, मुंबई, बंगळूर, परदेश येथे गेली. यात खेद मानण्याचे कारण नाही. फरीदसाहेबांनीही वडिलोपार्जित धंदा बदललाच होता. मुलाने दुकान चालविले नाही म्हणजे तो आजोबांना विसरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मापात चोख राहणे, बोललेला भाव न फिरविणे, दिलेला वायदा पाळणे आणि हातातील काम पुरे केल्यावाचून न उठणे, ही आजोबांची शिस्त जर तो संगणकासमोर बसूनही पाळत असेल, तर पेढी चालूच आहे. आणि दुकान चालू असूनही ती शिस्त गेली असेल, तर वर फक्त पाटी उरली असे समजावे.

मात्र एक काम अगत्याने झाले पाहिजे. फरीदसाहेबांविषयी आज जे सांगितले जाते, त्यातील पुष्कळसे तोंडी परंपरेने आले आहे. आपल्या घरांतील स्थिती याहून वेगळी नाही. जुन्या कीर्द-खतावण्या रद्दीत गेल्या, आणि ज्यांना त्या वाचता येत होत्या तेही एकेक करून निघून चालले आहेत. तरी प्रत्येक घराने आपल्या आजोबांविषयी दोन पाने लिहून ट्रस्टच्या कार्यालयात द्यावीत. घराणे कोठून आले, बाजाराची गावे कोणती होती, कोणता माल कोठून येई, उधारी कशी चाले, १९७२ च्या दुष्काळात गिऱ्हाइकांशी वागणूक कशी राहिली, कोणाचे देणे सोडून दिले आणि कोणाचे उपकार फेडावयाचे राहिले, हे सारे त्यात यावे. केवळ स्तुती नसावी. जमेबरोबर नावेही लिहिलेली असली, तरच तो हिशेब पुढील पिढीच्या उपयोगी पडेल.

असे शंभर घरांचे लेखन जमले, तर संस्थेच्या हीरक महोत्सवापर्यंत मिरजेच्या व्यापाराचा एक विश्वसनीय इतिहास सिद्ध होईल. सुवर्णमहोत्सवाची याहून चांगली फलश्रुती दुसरी नसेल.