किरणांची पारख

युरेनियमांतून निघणारे किरण एकाच जातीचे कीं अनेक, हें अर्नेस्ट रदरफर्ड यांनीं फार साध्या युक्तीनें ताडलें. युरेनियमवर मिठाईच्या वर्खासारखा धातूचा पातळ पत्रा ठेवावयाचा, किरणांमुळें हवेंतून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजावयाचा, आणि मग वर्खावर वर्ख चढवीत जावयाचें. पहिल्या कांहीं वर्खांनीं प्रवाह झपाट्यानें घटला. पुढें मात्र आणखी चढवूनहि तो फारसा ढळेना! १८९९ सालीं त्यांनीं लवकर अडणाऱ्यांस ‘आल्फा’ व चिवटांस ‘बीटा’ म्हटलें. पुढल्याच वर्षीं पॅरिस येथें पॉल विलार यांना रेडियममध्यें तिसरी जात आढळली. तीच पुढें ‘गॅमा’ ठरली. आल्फांना कागद पुरतो, बीटांना कांहीं मिलिमीटर अॅल्युमिनियम. गॅमा जाड शिशांतूनहि थोडेबहुत निसटतात.

तर मग आल्फा निरुपद्रवी म्हणावे काय? त्वचेचा मृत थर त्यांना थोपवितो खरा. पण ते बाहेर असतील तरच. अमेरिकेंत न्यू जर्सी येथें घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगानें रंगविणाऱ्या मुली कुंचल्यास टोक यावें म्हणून तो ओठांत धरीत. तसें करण्यास त्यांना शिकविलेंच होतें! पोटांत गेलेलें रेडियम कॅल्शियमप्रमाणें हाडांत जाऊन बसलें. ज्यांना कागद ओलांडवत नाहीं, त्या आल्फांनीं आपली सारी शक्ति तेथें केसाच्या जाडीएवढ्या अंतरांत ओतली. जबडे सडले, कित्येकजणी दगावल्या. हाडांतले आल्फा बाहेरच्या यंत्रास कसे सांपडावे? तेव्हां १९२५ सालीं डॉ. हॅरिसन मार्टलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांचा उच्छ्वास तपासला. रेडियमपासून उपजणारा वायु त्यांत मिळाला.