निलगिरीचे दोन थेंब
(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, शिरूर अनंतपाळ)

मंडळी, आपल्याकडे सोयाबीनच्या राशी झाल्या. दिवसभर मळणी यंत्राच्या धुराळ्यात उभं राहिलेल्या माणसाचं नाक रात्री चोंदतं आणि फळीवरची निलगिरी तेलाची बाटली खाली येते. रुमालावर दोन थेंब टाकून हुंगलं, की माणूस म्हणतो, ‘मोकळं झालं बघा!’

खरंच होतं का? १९८३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. कापूर, निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व हुंगायला दिलं. लोकांना नाक सुटल्यासारखं वाटलं. यंत्रावर हवेची वाट मात्र होती तेवढीच अरुंद. निलगिरीच्या औषधी तेलात ७० टक्के किंवा त्याहून जास्त सिनिओल नावाचं द्रव्य असतं. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, आणि भरपूर गार हवा आत येतेय असं मेंदूला वाटतं. आता, यात मला काही गैर दिसत नाही. तेवढ्यावर झोप लागत असेल तर लागू द्या. फक्त सर्दी बरी झाली असं समजू नका.

सिनिओलमध्ये सूज उतरवण्याचा गुणही आहे. २००३ साली जर्मनीत दम्याच्या ३२ रुग्णांपैकी काहींना १२ आठवडे शुद्ध सिनिओलच्या आणि बाकीच्यांना नुसत्या नावाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा सिनिओल घेणाऱ्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या. पण ३२ माणसं म्हणजे एका एसटीतही जागा उरेल. आणि ती मोजून दिलेली कॅप्सूल होती. किराणा दुकानातली बाटली नव्हे. तिच्या भरवशावर दम्याचा पंप सोडणारे भेटतात, म्हणून सांगतो.

बांधावरच्या निलगिरीचा पाला उकळून चालेल का, असंही विचारतात. सामाजिक वनीकरणाच्या काळात आपल्याकडे आली ती मुख्यतः बल्ल्यांची झाडं. तेलासाठी नावाजलेली जात उटीच्या थंड डोंगरावरची. पाला उकळून मिळते ती मुख्यतः वाफ. कोरोनात घरोघर वाफारे घेतले, तेव्हा पातेलं कलंडून लेकरं भाजलीसुद्धा. लेकराला पातेल्यापुढे बसवूच नका.

हे तेल पोटात मात्र जाता कामा नये. खोकल्यावर साखरेत थेंब घालून चाटवणाऱ्या आज्या अजून आहेत. लहान लेकराच्या पोटात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर गेलं, तरी झटके येऊन शुद्ध हरपू शकते. फिट येणाऱ्या मोठ्या माणसानंही या तेलापासून आणि कापरापासून लांब राहावं. नुसत्या वासानंही झटके आल्याचं बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवलंय. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाला, छातीला हे चोळू नका.

कुणी प्यालंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं, ते जास्त वाईट. १०८ला फोन लावा, आणि बाटली सोबत घ्या, म्हणजे पोटात काय आणि किती गेलं ते डॉक्टरला लगेच कळेल.