समुद्रतळीची चित्रे आणि त्यांची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखाद्या प्रवासाची हकीकत सांगण्याचा प्रघात आहे. काशीयात्रा, नर्मदापरिक्रमा यांची रसाळ वर्णने या व्यासपीठावरून आपण ऐकली आहेत. यंदा ही कामगिरी कार्यकारी मंडळाने आम्हांवर सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचा प्रवास मात्र थोडा निराळा आहे. मंडळाच्या चार कुटुंबांतील आम्ही नऊ जण गेल्या फेब्रुवारीत अंदमानातील स्वराज द्वीपावर आठ दिवस राहिलो, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात उतरलो आणि तेथील सृष्टीची छायाचित्रे घेऊन परतलो. ती चित्रे बाहेरच्या व्हरांड्यात मांडली आहेत. ती कशी घेतली, आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

अंदमान हे नाव मराठी माणसास परके नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे तेथील सेल्युलर जेलमध्ये काढली. त्यामुळे आपल्याकडील माणूस तेथे पोहोचला की प्रथम त्या तुरुंगाच्या दाराशी नतमस्तक होतो. आम्हीही झालो. पोर्ट ब्लेअर या शहराचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम असे झाले आहे. तेथून ईशान्येस सुमारे ४० किलोमीटरांवर स्वराज द्वीप आहे. १८५७ च्या संग्रामातील हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचे नाव ते बेट दीर्घकाळ वागवीत होते; ३० डिसेंबर २०१८ रोजी त्याचे नामांतर झाले. येथील गावांची नावे ऐकून मन प्रसन्न होते : गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडल्या गेलेल्या कुटुंबांना सरकारने या बेटावर वसविले, त्यांचीच ही गावे. सुपारी, नारळ, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या लोकांच्या पुढच्या पिढ्यांतील अनेक तरुण आज पर्यटकांस समुद्र दाखवून पोट भरतात.

आम्ही निघण्यापूर्वी घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी चिंता व्यक्त केली होती, आणि ती रास्तच होती. म्हणून या साहसाची रीत थोडक्यात सांगतो. टाकीत प्राणवायू असतो असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तीत आपण श्वासावाटे घेतो तीच साधी हवा, वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेली असते. पाणबुड्याने श्वास घेताच, पाण्याचा दाब त्या खोलीवर जितका असेल तितक्याच दाबाची हवा तोंडाशी यावी, अशी योजना कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ मध्ये सिद्ध केली आणि सामान्य माणसास समुद्राचे दार उघडले. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. दहा मीटरांवर फुफ्फुसभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट होऊ पाहते. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखून धरू नये. दुसरा नियम असा की, वर येताना घाई करू नये. पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, म्हणजे रक्तात विरघळलेला नत्रवायू हळूहळू निघून जातो. तिसरा नियम विमानाचा. अनेक दिवस बुड्या मारल्यानंतर निदान अठरा तास विमानात बसू नये. म्हणून शेवटचा दिवस आम्ही राधानगरच्या किनाऱ्यावर, सागाच्या नव्हे तर उंच अरण्यवृक्षांच्या सावलीत घालविला.

दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून या वाटेस जाऊ नये. दहा वर्षांखालील बालकांस टाकी बांधून उतरवीत नाहीत. आमच्यातील दोघे याच कारणांनी काठावर राहिले, आणि त्यांनी उथळ पाण्यात नळी तोंडात धरून पोहत जे पाहिले तेही थोडे नव्हते. उरलेल्यांनी पहिले दोन दिवस गुरुजींच्या हाताखाली कमरेइतक्या पाण्यात धडे गिरविले. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर कसे काढावे, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालून कानांवरचा दाब कसा सारखा करावा, खुणांनी कसे बोलावे. जमिनीवर अंगठा वर केला तर ‘उत्तम’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जावयाचे आहे’ असा होतो. ‘ठीक आहे’ हे सांगण्यास अंगठा व तर्जनी जुळवून वाटोळे करावे लागते. आयुष्यभर बोलत आलेल्या माणसास पाऊण तास मुक्याने राहणे हीही एक साधनाच होय!

आता छायाचित्रणाकडे वळू. पाणी हे प्रकाशाचे मोठे चाळण आहे. सूर्यप्रकाशातील तांबडा रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच बहुतांशी गळून पडतो. मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. अखेरीस निळ्याचेच राज्य उरते. वीस मीटर खोल कोणाचे बोट कापले तर रक्त तांबडे न दिसता हिरवट काळे दिसते. म्हणून तांबडे प्रवाळ तांबडे दिसावयाचे तर प्रकाश आपण बरोबर न्यावा लागतो, आणि तो हातभर अंतरावरून टाकावा लागतो. दूर उभे राहून झगमगाट केला तर मध्येच तरंगणारे कण उजळतात आणि चित्रात बर्फ पडल्यासारखे दिसते. शिवाय सपाट काचेतून पाहिले असता पाण्यातील वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी व जवळ असल्याचा भास होतो. सारांश, डोळा फसतो, रंग फसतो, अंतरही फसते. कॅमेऱ्याची पेटी बंद करणाऱ्या रबरी कड्यावर एक केस अडकला तरी सारा कॅमेरा बुडतो, हे निराळेच.

या अडचणींवर मात करणाऱ्यांचे स्मरण करणे उचित आहे. लुई बुतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात पाण्याखालची छायाचित्रे घेतली. १९२६ मध्ये फ्लॉरिडाजवळच्या समुद्रात लाँग्ली आणि मार्टिन या दोघांनी पहिली रंगीत चित्रे घेतली, तीही पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून. आज आपल्या खिशातील यंत्र जे सहज करते, त्यासाठी त्यांनी जिवावर उदार होऊन आग पेटविली होती.

तळाशी आम्ही काय पाहिले? प्रथम हे सांगितले पाहिजे की पोवळे हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. असंख्य इवले जीव आपल्याभोवती चुन्याची घरे बांधतात. पिढीवर पिढी जाते आणि त्यांचा डोंगर होतो. गोल, भरीव प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. माणसाच्या उंचीचा एक गोळा आम्ही पाहिला. त्याने किती राज्ये येताना आणि जाताना पाहिली असतील, हा हिशेब आपणच करावा. या जीवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवून यजमानास देते, आणि यजमानाचा रंगही बहुतांशी त्याचाच. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळांनी व्यापला आहे, पण समुद्रातील सुमारे चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने राहतात.

शेजारधर्म पाहावा तर तेथे! एक लहानसा मासा मोठ्या माशांच्या कल्ल्यांतील व तोंडातील कीड वेचून खातो, आणि ते मोठे मासे आपली पाळी येईपर्यंत मुकाट थांबतात. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश विषारी समुद्रफुलाच्या कुशीत सुखाने नांदतो. त्याच्या कुटुंबातील सर्वांत मोठी असते ती मादी. ती गेली की तिचा नरच मादी होतो आणि कुटुंबाचा भार उचलतो. पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडून खातो आणि त्याचे चूर्ण बाहेर टाकतो; ज्या शुभ्र वाळूवर आपण बसतो तीत त्याचा वाटा मोठा आहे.

आता व्हरांड्यातील एका चित्राविषयी. शिंगांसारख्या फांद्यांचे, चांदण्यासारखे शुभ्र प्रवाळ निळ्या पाण्यात उभे आहे, असे ते चित्र आहे. आज सकाळपासून अनेकांनी त्याच्यापुढे थांबून ‘सर्वांत सुंदर हेच’ असा अभिप्राय दिला. त्याखालची तारीख पाहावी, अशी विनंती आहे. आमच्यापैकी दोघे २०१६ च्या मे महिन्यातही याच बेटावर गेले होते. त्या वेळचे हे चित्र आहे. त्या वर्षी समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानाहून एखाद्या अंशाने पाणी काही आठवडे तापलेले राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळ बाहेर टाकते. रंग जातो, चुन्याचा सांगाडा आरपार दिसू लागतो. ती शुभ्रता सौंदर्याची नव्हे, उपासमारीची आहे. पाणी लवकर निवले तर रंग परत येतो; न निवले तर जीव मरतो आणि सांगाड्यावर बाहेरचे शेवाळ चढते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असे घडले. जगभरच्या समुद्रांत हे चौथ्यांदा घडत असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले.

त्याच्याच शेजारी, यंदा त्याच जागी घेतलेले चित्र आहे. त्यापुढे फारसे कोणी थांबले नाही. त्यात करड्या तुकड्यांचा ढीग दिसतो. पण नीट न्याहाळले तर त्या ढिगात तळहाताएवढी तीन कोवळी प्रवाळे उगवलेली दिसतील. मोडलेल्या घराच्या जोत्यावर कोणीतरी पुन्हा चूल मांडली आहे. आमच्या मते साऱ्या प्रदर्शनातील मोलाचे चित्र हेच होय. कारण दोन्ही चित्रे एकत्र ठेवल्यावाचून खरी हकीकत कळत नाही.

कोणी म्हणेल, ही सृष्टी इतकी नाजूक आहे तर तेथे जाऊच कशाला? आम्हांसही हा प्रश्न पडला होता. परंतु पाणी तापते ते पाणबुड्यांमुळे नव्हे. ते तापते आपण सर्वजण किनाऱ्यावर बसून जे जाळतो त्यामुळे. जो पाहत नाही त्यास गेल्याचे दुःखही होत नाही. तथापि जाणाऱ्याने शिस्त पाळलीच पाहिजे. पंखांचा एक फटका दहा वर्षांची वाढ मोडतो. म्हणून तरंगता येईपर्यंत कॅमेरा हाती घेऊ नये, हा आमच्या गुरुजींचा दंडक होता, आणि तो त्यांनी कोणासाठीही शिथिल केला नाही. चित्रासाठी कोणत्याही जीवास डिवचू नये. तळाचे काही उचलू नये. खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत, आणि ती आठवण म्हणून घरी आणणे हा गुन्हा आहे.

शेवटी आपल्या तरुण मंडळींस एक सूचना. अंदमान दूर आहे आणि खर्चाचेही आहे. पण मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्याच समुद्रात प्रवाळ आहे. तेथे जावे. आणि जेथे जाल तेथल्या प्रत्येक चित्रामागे दिनांक, ठिकाण आणि खोली लिहून ठेवावी. आपल्या घराण्यांच्या वंशावळी आपण मंडळाच्या दफ्तरी जपल्या आहेत. त्याच दफ्तरात या चित्रांचीही एक वही असावी. वीस वर्षांनी याच मंडळातील कोणी त्याच जागी उतरेल, तेव्हा त्यास ती वही सांगेल की येथे पूर्वी काय होते. नुसते सुंदर चित्र भिंतीवर शोभते. तारीख असलेले चित्र साक्ष देते.