होडी आधी दाखवायची, मग दुरुस्त करायची

मागच्या वेळी आमच्या गटाच्या खाडी सफरीविषयी बोललो, तेव्हा चांगलंचुंगलं सगळं सांगून झालं. होडी खडपावर आदळली ती गोष्ट मात्र आम्ही सोयीस्करपणे गाळली होती. आज ती सांगतो.

आम्ही दहाजणी. फायबरची एक होडी, तिला छोटं इंजिन, आणि कांदळवनातून तासाभराची फेरी. त्या दिवशी द्वितीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि साडेसाताच्या सुमारास पूर्ण सुकती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी भरतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. हे आम्हाला ठाऊक होतं. पण चारची फेरी पाहुण्यांसाठी थांबली आणि साडेपाचला निघाली. परतताना, जिथून रोज जातो तिथेच, खडप वर आलेलं होतं.

होडी कलली. पाहुण्यांना काही झालं नाही, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलेली होती. आमच्यातल्या एका ताईचा हात मात्र होडीची कड आणि खडप यांच्यात सापडला. दोन बोटं चेचली.

आणि आम्ही पहिला फोन कुणाला केला? घरी. प्रत्येकीने आपापल्या घरी! ११२ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ हा नंबर लावायचं एकीलाही सुचलं नाही. भर समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहे. आता हे तिन्ही नंबर होडीत आतल्या बाजूला रंगाने लिहून घेतले आहेत, कारण घाबरल्यावर मोबाइलमधलं नाव सापडत नाही.

दुसरी चूक त्याच रात्री केली. दुसऱ्या दिवशी रविवार, तीन फेऱ्या ठरलेल्या. कारागीर बोलावला, तडा भरून घेतला, वरून रंगही मारला. चौथ्या दिवशी विमा कंपनीचे सर्वेक्षक आले आणि म्हणाले, "ताई, नुकसान कुठे आहे?" दाखवायला काहीच नव्हतं. ताईच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने रात्री बॅटरीच्या उजेडात चार फोटो काढले होते आणि कारागिराची पावती होती, तेवढ्यावर अठरा हजारांच्या मागणीतले सात हजार मिळाले. राग आला, पण चूक आमची होती. कंपनीला कळवायचं, सर्वेक्षण होईपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. पाणी शिरतंय म्हणून तात्पुरतं काही करावंच लागलं, तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि तुटलेला तुकडा जपून ठेवायचा.

खरा वाद झाला तो अर्ज लिहिताना. "मोठी लाट आली असं लिहूया," असं काहीजणी म्हणाल्या. खाडीत कसली लाट? सुकाणूवर जी होती ती रडत होती, तिला वाटत होतं की सगळं आपल्यावर येणार. शेवटी आम्ही खरं तेच लिहिलं: फेरी दीड तास उशिरा निघाली, आणि निघायचं हे गटाने ठरवलं, तिने एकटीने नाही. खोटं लिहिलं असतं आणि पाहुण्यांनी वेगळं सांगितलं असतं, तर ते सात हजारही गेले असते. तोच मजकूर पोलीस ठाण्यात आणि बंदर कार्यालयात दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, बायांनो.

ताईच्या बोटांचं काय? आमची समजूत होती की प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, वर्षाला २० रुपये कापतात, त्यातून खर्च मिळेल. बँकेत गेल्यावर कळलं, अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय कायमचे गेल्यासही २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख. दवाखान्याचा खर्च त्यात नाही. आणि दुसरा धक्का म्हणजे ताईच्या खात्यात तेव्हा २० रुपये शिल्लक नव्हते, त्यामुळे तिचा विमा चालूच नव्हता. देवाने हात वाचवला म्हणायचं. हा विमा १ जून ते ३१ मे असा असतो, म्हणून मे महिन्याच्या बैठकीत आता आम्ही सगळ्यांची पासबुकं बघतो. दावा करायची वेळ आलीच, तर शक्यतो ३० दिवसांच्या आत बँकेत अर्ज द्यायचा. दवाखान्यात गेल्या गेल्या अपघात कसा झाला ते डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यायचं. आम्ही नुसतं "हाताला लागलं" एवढंच सांगितलं होतं.

ताईच्या औषधपाण्याला गटाच्या बचतीतून पैसे दिले. कर्ज म्हणून नाही, यावरही एक बैठक गेली.

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा. नियामकाचा १५५२५५ हा टोल-फ्री नंबर आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथे दाद लागली नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

आता होडीत एक वही असते. निघायची वेळ, भरती-सुकती, माणसं किती, आणि थोडक्यात वाचलो असलो तर तेही. ती वही ताई लिहिते. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून अक्षर जरा मोठं येतं. गेल्या महिन्यात तिने एक फेरी रद्द केली, पाहुणे जेटीवर उभे असताना. थोडी बोलाचाली झाली. पैसे परत दिले.