राजाचें पान आणि पारध्याचा ससा

उमरग्याहून पूर्वेकडे सरहद्द ओलांडली कीं थोड्याच वेळांत बसवकल्याण लागतें. आज तें कर्नाटकांत आहे. चालुक्यांच्या काळीं तीच कल्याणी राजधानी, आणि आपला धाराशिवचा मुलूख त्याच राज्यांत मोडत असे. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेनें १९२५ पासून तो छापला, म्हणून तो आपल्या हातीं आहे.

त्यांतील अन्नभोगाचें प्रकरण वाचतांना आपलें सोवळें क्षणभर खुंटीस टांगावें लागतें. डुकराचे केंस काढण्याच्या दोन रीती राजा सांगतो: अंगावर पांढरें वस्त्र पसरून वरून कढत पाणी ओतावें, किंवा चिखलानें लिंपून गवताच्या जाळावर धरावें. कांसव भाजून त्याचे पाय व कवच काढावें. शेतांत आणि नदीकांठीं राहणारे काळे उंदीरही पानांत आहेत! ते निखाऱ्यांवर सळईनें भाजून मीठ-जिरें भुरभुरावें. मिरचीचें नांव कोठेंच नाहीं, कारण ती पोर्तुगिजांच्या मागून आली. तिखटजाळ रस्सा हीच आपली सनातन परंपरा, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

ससा, तितर, रानडुक्कर यांची परवान्यावांचून शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरली आहे, आणि तें योग्यच झालें. तेव्हां या कृती करून पाहण्यासाठीं मी सांगत नाहीं. परंतु राजाची मृगया ग्रंथांत ‘विनोद’ म्हणून गणली गेली, आणि फांसे लावून पोट भरणाऱ्या फासेपारध्याच्या कपाळीं इंग्रजी अंमलांत ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, शिक्का राहिला.

माझ्या लहानपणीं, या कायद्याच्या आधीं, उमरग्याकडील आमच्या खेड्यांत एक पारधीण ससे-तितर घेऊन येई. आजी तिला ओसरीखालींच थांबवी आणि सुपांतून ज्वारी घाली. सशाचें मांस कोरडें. म्हणून भाजलेलें खोबरें, तीळ आणि काळा मसाला वाटून आजी तें परसांतल्या चुलीवर मंद आंचेवर शिजवी. घरांतलीं भांडीं त्यासाठीं वापरीत नसत. सोबत ज्वारीची गरम भाकरी.

एकदां गांवांत चोरी झाली आणि त्या बाईच्या नवऱ्यास धरून नेलें. चोरीच्या रात्रीं तो उशीरापर्यंत आमच्याच अंगणांत आजोबांशीं कुंपणाच्या कामाचें बोलत बसला होता. ससाही त्यानेंच आणला होता. आजोबांना हें ठाऊक होतें. आजीनें दोनदां म्हटलें, ‘‘अहो, चावडीवर जाऊन सांगा तरी.’’ ते गेले नाहींत. ससा दुसऱ्या दिवशीं शिजला आणि आम्हीं सर्वांनीं खाल्ला. ती बाई पुन्हां आमच्या दारीं आली नाहीं.