ताडीतील औषध आणि न उमटलेली रेघ



पैनगंगेपलीकडे तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे वारंवार आढळले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये कारवाईमुळे ही ताडी अचानक मिळेनाशी झाली, तेव्हा शेकडो लोक आजारी पडले. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कूकटपल्लीत भेसळीच्या ताडीने बळी घेतले. सीमेलगतच्या यवतमाळ जिल्ह्याने ही परमुलखाची वार्ता मानू नये.

अशी औषधे लघवीत शोधणाऱ्या पट्टीचा आधार म्हणजे प्रतिपिंड. दोन जड व दोन हलक्या साखळ्यांची, वाय अक्षरासारखी ही रचना उलगडणाऱ्या एडेलमन व पोर्टर यांना १९७२ चे नोबेल लाभले. तिच्या दोन्ही टोकांच्या खाचांत ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. नमुन्यात औषध असल्यास प्रतिपिंडे त्यातच गुंततात आणि पट्टीवर रेघ उमटत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. कोरी जागा म्हणजे दोष, हे उमगावयास आम्हांस वेळ लागला! दुधातील प्रतिजैविके शोधणाऱ्या अनेक पट्ट्यांचेही तत्त्व हेच.

मात्र क्लोरल हायड्रेटचा रेणू त्या खाचेत बसत नाही. पट्टी निर्दोष दिसली तरी तो असू शकतो. म्हणून रुग्ण दाखल करतेवेळी ताडीविषयी आम्ही विचारतो, ते केवळ उपचारासाठी. अस्थिभंगासाठी आलेल्या रुग्णासही ताडी तुटल्यावर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते.